घरातला कमावता माणूस गेल्यावर मुलांच्या हक्काची मदत कशी मिळवायची?

मजुरीवर चालणाऱ्या घरातला बाप अचानक गेला, किंवा बायको-मुलांना टाकून निघून गेला, की त्या मुलांचं पुढचं आयुष्य बऱ्याचदा पहिल्या वर्षभरातच ठरून जातं. धाकट्याला सांभाळायला कुणी नाही म्हणून थोरलीची शाळा सुटते. मुलगा वीटभट्टीवर नाहीतर धाब्यावर लागतो. दोन वर्षांत मुलीला स्थळ येतं आणि खाणारं एक तोंड कमी होईल म्हणून घरचे होकार देऊन टाकतात.

बहुआयामी गरिबीच्या राष्ट्रीय निर्देशांकानुसार महाराष्ट्रातल्या गरिबांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १४.८ टक्के होतं, ते २०१९-२१ पर्यंत ७.८ टक्क्यांवर आलं. ही घट खरी आहे. पण त्याच काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच झालेलं होतं. घसरणीच्या काठावर उभी असलेली घरं अजून खूप आहेत.

अशा घरासाठी सरकारकडे बऱ्यापैकी योजना आहेत. त्या वेगवेगळ्या कार्यालयांत विखुरलेल्या आहेत आणि त्यांतली एकही आपणहून दारात येत नाही. शिवाय कागद चुकीच्या क्रमाने जमवले तर प्रत्येक खेपेला आईची एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणून या लेखात क्रमाला सगळ्यांत जास्त महत्त्व दिलं आहे. लेख त्या आईसाठी आहे, आणि तितकाच तिच्यासोबत तालुक्याला जाऊ शकणाऱ्या माणसासाठीही आहे: शाळेतले गुरुजी, अंगणवाडीताई, बचतगटातली एखादी ताई, शिकलेला पुतण्या. माझा अनुभव असा की सोबत कुणी असेल तर काम निम्म्या खेपांत होतं.

आधी कार्यालयं ओळखून घ्या

सगळ्यांत मोठा घोळ इथे होतो. ‘महिला व बालविकास’ अशी पाटी असलेली दोन वेगळी कार्यालयं जिल्ह्याच्या गावी असतात. एक जिल्हा परिषदेचं. अंगणवाड्या त्याच्याकडे येतात, आणि तालुक्याला त्याचा माणूस म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारी. दुसरं राज्य सरकारचं, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याचं. बालसंगोपन योजना (मुलाला दरमहा पैसे देणारी, तिच्याबद्दल पुढे येईलच), बालकल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांचं काम तिथून चालतं. बालसंगोपनाचा अर्ज घेऊन बाई जिल्हा परिषदेत जाते आणि ‘हे आमच्याकडे नाही’ ऐकून परत येते, हे फार वेळा घडतं. निघण्याआधी फोन करून किंवा अंगणवाडीताईला विचारून नेमकी इमारत माहीत करून घ्या.

बाकीचं सोपं आहे. रेशन आणि संजय गांधी निराधार योजना तहसील कार्यालयात, उत्पन्नाचा दाखला सेतूत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात, शाळाप्रवेशाचं काम पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागात.

पहिलं पाऊल: दाखले, आणि तेही लवकर

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करा. या मुदतीत ती विनाशुल्क होते. महिन्याभरानंतर वरिष्ठ निबंधकाची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. दुःखात बुडालेल्या घराला हे सांगणं जड जातं, तरी शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कुणीतरी हे काम अंगावर घ्यायलाच हवं, कारण पुढची प्रत्येक योजना याच कागदावर उभी आहे. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच मागून घ्या.

नोंद करताना नावाकडे नीट लक्ष द्या. आधारवर ‘ज्ञानेश्वर’, मृत्यूदाखल्यावर ‘ज्ञानोबा’ आणि मुलाच्या शाळेत ‘ज्ञानदेव’ असं झालं, तर तीन ठिकाणी अर्ज अडतो. गावात हाक कशानेही मारत असू द्या, नोंद आधारवरच्या नावानेच करा.

त्यानंतर उत्पन्नाचा दाखला. लोकसेवा हक्क कायद्याखाली तो पंधरा दिवसांत मिळायला हवा. तलाठ्याच्या अहवालात गेलेल्या माणसाची मजुरी धरली गेली तर आकडा वाढतो आणि घर योजनेतून बाहेर पडतं. म्हणून अर्जासोबत मृत्यूदाखल्याची प्रत जोडा आणि आता घरात कमावणारं कोण आहे हे स्वच्छ लिहा. या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला महिना-दीड महिनाच चालतो, त्यामुळे त्यावर करायचे सगळे अर्ज लागोपाठ करून टाका.

मुलांचे जन्मदाखले आणि आधार तपासा. बाळाचं आधार पाच वर्षांखाली बोटांच्या ठशांशिवाय निघतं. पुढे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ठसे अद्ययावत करावे लागतात. ते राहिलं असेल तर बँकेत किंवा शाळेत ऐनवेळी अडतं.

आता बँक खातं. ‘आधार लिंक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. सरकारी पैसे आधार क्रमांकावर जमा होतात, तेव्हा ते त्या आधारशी अनुदानासाठी जोडलेल्या एकाच खात्यात जातात. बऱ्याच बायकांचं असं खातं जुनं, कधीकाळी शिबिरात उघडलेलं आणि आता बंद पडलेलं असतं. बँकेत जाऊन थेट विचारा: माझ्या आधारवर अनुदान कोणत्या खात्यात येईल? ते चालू खातं नसेल तर तिथेच फॉर्म भरून बदलून घ्या. मुलाच्या नावाने आईसोबतचं संयुक्त खातंही याच खेपेत उघडा.

नवरा मेला नसून टाकून गेला असेल तर वाट अवघड होते, बंद होत नाही. मृत्यूदाखल्याच्या जागी ती परित्यक्ता असल्याचा पुरावा उभा करावा लागतो. पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची पोच, तलाठी किंवा ग्रामसेवकाचा दाखला, पोटगीचा दावा केला असेल तर त्याची प्रत, घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाचा आदेश. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना वकील मोफत मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पोटगीचा दावा फक्त पोटगीसाठीच उपयोगी पडतो असं नाही. योजनांच्या अर्जात तो भक्कम कागद ठरतो.

दुसरं पाऊल: रेशनकार्डावर प्रत्येक मुलाचं नाव

प्राधान्य कुटुंबाला अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, तर अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. माणशी हिशोब असल्यामुळे मुलाचं नाव कार्डावर नसेल तर त्याचे पाच किलो बुडतात, आणि लहान मुलांची नावं चढवायची राहून गेलेली कार्डं गावोगाव सापडतात. तहसीलच्या पुरवठा शाखेत जन्मदाखला आणि आधार देऊन नाव चढवा. अर्जासोबत मृत्यूदाखला देऊन आईला कुटुंबप्रमुख करून घ्या. विधवा कुटुंबप्रमुख असलेलं निराधार घर अंत्योदयच्या निकषांत बसतं, त्यामुळे त्याच वेळी कार्ड बदलून मिळण्याची मागणी लेखी करा. जागा रिकामी नाही म्हणून ती लगेच मान्य होईलच असं नाही, पण अर्ज नोंदीवर असला तर पुढच्या वेळी विचार होतो.

बाई माहेरी राहायला आली असेल तर सासरच्या कार्डातून तिची आणि मुलांची नावं कमी केल्याशिवाय इथे चढत नाहीत. सासरचे बऱ्याचदा सही देत नाहीत. अशा वेळी तहसीलदाराला तसं लेखी कळवा आणि राहत्या गावच्या तलाठ्याच्या पंचनाम्यावर नवं कार्ड मागा.

तिसरं पाऊल: बालसंगोपन योजना

या सगळ्यातला गाभा हाच. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना हे तिचं आताचं पूर्ण नाव. मूल अनाथाश्रमात न जाता घरातच वाढावं, हा तिचा हेतू. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलाला महिन्याला २२५० रुपये मिळतात. ही रक्कम बरीच वर्षं ४२५ रुपये होती, करोनाच्या काळात ११०० झाली आणि २०२३ मध्ये २२५० वर आली. दोन मुलांच्या घरात महिन्याला साडेचार हजार म्हणजे शाळा सुरू राहणं आणि सुटणं यातला फरक आहे. मला ही राज्यातली सगळ्यांत मोलाची बालयोजना वाटते, आणि सगळ्यांत कमी माहीत असलेलीही.

फक्त अनाथ मुलांसाठी ती आहे असा मोठा गैरसमज आहे. आई किंवा वडील यांपैकी एकच हयात असलेली मुलं, घटस्फोटित किंवा परित्यक्ता आईची मुलं, आईबाप तुरुंगात असलेली मुलं, पालक कर्करोग, एचआयव्ही, कुष्ठरोग अशा गंभीर आजाराने अंथरुणाला खिळलेली मुलं, आणि आजी-आजोबांकडे किंवा मामा-काकांकडे वाढणारी मुलं, अशी सगळी त्यात बसू शकतात. आजी सांभाळत असेल तर अर्जात पालक म्हणून आजीचं नाव लागतं.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळतो. तालुक्याला त्याच विभागाचे संरक्षण अधिकारी असतात, ते भेटले तर जिल्ह्याची एक खेप वाचते. सोबत जोडायचं ते असं: मुलाचं आणि पालकाचं आधार, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड, आई किंवा वडिलांचा मृत्यूदाखला (आजार असेल तर सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र), उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, पासबुकाची प्रत, आणि घरासमोर पालक आणि मुलं एकत्र उभी असलेला फोटो. प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा असतो, तेव्हा प्रती तितक्या काढा.

अर्जानंतर गृहभेट होते. समाजसेवक किंवा संस्थेचा माणूस घरी येऊन परिस्थिती पाहतो आणि चौकशी अहवाल लिहितो. या भेटीची बायकांना उगाच भीती वाटते. घर झाडून, उसनं सामान आणून नीटनेटकं दाखवायची काही गरज नाही. छप्पर गळत असेल तर गळतं म्हणून सांगा, कर्ज असेल तर कुणाचं किती ते सांगा, मुलगी शाळा सोडायच्या बेतात असेल तर तेही सांगा. अहवालात जे लिहिलं जातं, तेच पुढे समितीसमोर जातं.

मग प्रकरण बालकल्याण समितीकडे येतं. २०१५ च्या बालन्याय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात ही समिती नेमली आहे: एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत किमान एक स्त्री. कायद्याने तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत आणि महिन्याला किमान वीस दिवस बैठक घेणं बंधनकारक आहे. समिती मुलाला आणि पालकाला समोर बोलावून दोन-चार प्रश्न विचारते आणि आदेश काढते. लांबच्या तालुक्यातल्या बाईला दोन लेकरं घेऊन जिल्ह्याला जायचं म्हणजे गाडीभाडं आणि मजुरी मिळून मोठा खड्डा पडतो. काही जिल्ह्यांत समितीने तालुक्याला शिबिरं घेऊन एका दिवसात कितीतरी प्रकरणं निकाली काढली आहेत. तुमच्या तालुक्यात पंधरा-वीस अर्ज साठले असतील तर ग्रामपंचायतीच्या ठरावासह जिल्हा अधिकाऱ्यांकडे अशा शिबिराची मागणी करा. ही मागणी रास्त आहे आणि सगळीकडेच मान्य व्हायला हवी.

आदेश हातात आला की त्याची प्रत जपून ठेवा. पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला येतील अशी अपेक्षा मात्र धरू नका. ते बऱ्याचदा काही महिन्यांनी साठून एकदम येतात. भुकेला महिने मोजता येत नाहीत, आणि मुलांच्या नावाचं अनुदान असं रखडणं मला अजिबात पटत नाही. तरी घरखर्चाचा बेत करताना हे धरून चाला. या पैशाच्या भरवशावर सावकाराकडून उचल घेऊ नका.

अर्जाला एक रुपयाही फी नाही. ‘साहेबांशी ओळख आहे, हजार रुपयांत मंजूर करून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याला कागद देऊ नका.

केंद्राच्या वात्सल्य मिशनचे चार हजार

‘वडील नसलेल्या प्रत्येक मुलाला महिना ४००० रुपये’ असं फिरतं, ते अर्धंच खरं आहे. मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून महिन्याला ४००० रुपये देण्याची तरतूद आहे. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत लागतं, आणि निधी मर्यादित असल्यामुळे सगळ्या पात्र मुलांना ते मिळत नाही. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडेच करायचा. एकाच मुलाला दोन्ही योजनांचे पैसे घेता येत नाहीत. मी सुचवेन ते असं: अर्ज देतानाच आपण कशात बसतो हे कक्षात विचारून घ्या, आणि चार हजारांची वाट पाहत बालसंगोपनाचा अर्ज लांबवू नका.

चौथं पाऊल: आईच्या नावाचे पैसे

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना महिन्याला १५०० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असण्याची किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असण्याची अट आहे. अठरा वर्षांखालची अनाथ मुलंही या योजनेत बसतात. अर्ज सेतूमार्फत तहसीलदाराकडे जातो.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेत एकरकमी २०,००० रुपये मिळतात. हा अर्जही तहसीललाच, संजय गांधीच्या अर्जाबरोबरच देऊन टाका.

माणूस काय काम करायचा आणि कसा गेला, यावर आणखी वाटा उघडतात. शेतकरी शेतात वीज पडून, साप चावून किंवा दुसऱ्या अपघातात गेला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत दोन लाखांपर्यंत सानुग्रह मिळतं. तालुका कृषी कार्यालयात लवकरात लवकर जा, पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. शेतकऱ्याने कर्जापायी आत्महत्या केली असेल आणि समितीने प्रकरण पात्र ठरवलं तर एक लाख मिळतात. त्यातले ३०,००० हातात आणि ७०,००० ठेवीत. बांधकाम मजूर मंडळाकडे नोंदलेला असेल तर वारसांना मदत आहेच, शिवाय पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवीपर्यंत वर्षाला २५०० आणि आठवी ते दहावी ५००० रुपये शिष्यवृत्ती असते. नोंदणीचं कार्ड घरातल्या पेटीत शोधा. नूतनीकरण राहून गेलं असलं तरी ते घेऊन कामगार कार्यालयात विचारा.

सहा वर्षांखालचं मूल असेल तर

अंगणवाडीत नाव नोंदवलेलंच असेल असं गृहीत धरू नका. घर बदललं, बाई माहेरी आली, की नाव जुन्याच अंगणवाडीत राहतं आणि आहार तिथेच थांबतो. नव्या गावात नोंद करून घ्या. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला घरी नेण्याचा आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतच ताजं जेवण. अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासी गावांत अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण, आणि मुलांना अंडी किंवा केळी मिळतात.

दर महिन्याला वजन होतंय ना, आणि ते कार्डावर लिहिलं जातंय ना, हे आईने बघावं. सहा महिन्यांवरच्या आणि पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित आहे. ताप-जुलाब नसेल, भूक लागत असेल तर गावातल्या ग्राम बालविकास केंद्रात त्याला जादा आहार देतात. मूल खातच नसेल, अंगावर सूज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावं लागतं. आई तिथे राहिली तर मजुरी बुडते म्हणून टाळते. दाखल असलेल्या दिवसांचा बुडीत मजुरीचा भत्ता तिथे मिळतो, तो मागून घ्या.

घरात १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली मुलगी असेल आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनेचा अर्ज अंगणवाडीताईकडेच करा. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख. जन्मानंतर ५०००, पहिलीत ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००, असे एकूण एक लाख एक हजार. शेवटचा हप्ता मुलगी अविवाहित असेल तरच मिळतो, ही अट चांगली आहे. ती घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीपासून ठाऊक असू द्या.

शाळा सुटू देऊ नका

बाप गेल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मुलाची हजेरी तुटते. वर्गशिक्षकांना घरी काय झालं हे कुणीतरी जाऊन सांगावं, एवढी साधी गोष्टही राहून जाते. आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळेत दुपारचं जेवण आणि पुस्तकं मोफत आहेत. पुढच्या शिक्षणाला अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास यांच्यासाठी सामाजिक न्याय, आदिवासी विकास आणि बहुजन कल्याण विभागांची वसतिगृहं आहेत. अर्ज जून-जुलैत सुटतात, आणि अनाथ मुलांना प्रवेशात प्राधान्य असतं.

शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा राखीव आहेत. आर्थिक दुर्बल घटकासाठी एक लाखाची उत्पन्नमर्यादा आहे. वंचित घटकाला ती नाही, आणि अनाथ बालकं त्याच घटकात येतात. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट देणारा नियम राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैमध्ये रद्द केला. तेव्हा ‘आता त्या जागा राहिल्या नाहीत’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. अर्ज ऑनलाइन असतो आणि दरवर्षी त्याची खिडकी थोडेच दिवस उघडी असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. बीड, जालना, अहिल्यानगर भागातली विधवा बाई एकटी कोयत्यावर जाते तेव्हा मुलं तिच्याबरोबर फडात जातात आणि दिवाळीनंतरचं अर्धं वर्ष शाळेबाहेर जातं. निघण्याआधी मुख्याध्यापकांकडे हंगामी वसतिगृहाची चौकशी करा: मूल गावातच राहतं, जेवण शाळेकडून होतं, आणि झोपायला आजी-नातेवाईक असतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहंही सुरू झाली आहेत. मूल सोबत न्यावंच लागलं तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवलं की कारखान्याच्या गावातली शाळा त्याला वर्गात बसवते.

धोका दिसला तर

इथे वाट बघायची नाही. मूल कामावर जुंपलं आहे, मारहाण होते आहे, पळून गेलं आहे, लैंगिक अत्याचाराचा संशय आहे, लग्न ठरलं आहे, यातलं काहीही असो, १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर लावा. चोवीस तास, मोफत, नाव न सांगताही चालतं. निवाऱ्याची गरज असलेलं मूल सापडलं तर २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं.

गावात बालविवाह थांबवायची कायदेशीर जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, तो बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. अंगणवाडीताई त्याला साहाय्य करते. लग्न थांबवल्यावर काम संपत नाही. त्या मुलीच्या घरी पैसा नाही म्हणूनच बहुतेक वेळा लग्न ठरलेलं असतं, तेव्हा त्याच आठवड्यात तिचा बालसंगोपनाचा अर्ज भरा. नाहीतर तेच लग्न दोन महिन्यांनी दुसऱ्या गावात, नातेवाईकाच्या शेतात लागतं.

चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं गुन्हा आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर अठरापर्यंतच्या मुलांना धोकादायक कामावरही ठेवता येत नाही. सरपंचाच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. बहुतेक गावांत ती कागदावरच असते. ग्रामसभेत तिच्या सदस्यांची नावं वाचून दाखवायला सांगा आणि एकल पालकांच्या मुलांची यादी करायचं काम तिला द्या. आठशे उंबऱ्यांच्या गावात ही यादी दोन दिवसांत होते, आणि एकदा झाली की कोणतं मूल कुठल्या योजनेतून सुटलं हे सगळ्यांना दिसतं.

काम अडलं तर

प्रत्येक अर्जाची पोच घ्या: आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही. तोंडी ‘बघतो’ याला किंमत नाही. उत्पन्नाचा दाखला किंवा लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित असलेली दुसरी कुठली सेवा मुदतीत मिळाली नाही तर त्याच कायद्याखाली प्रथम अपील करा. बालसंगोपनाचा अर्ज पडून असेल तर माहिती अधिकारात तीनच गोष्टी विचारा: माझा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आहे, त्यावर आजवर काय कार्यवाही झाली, आणि माझ्यानंतर आलेले किती अर्ज मंजूर झाले. उत्तराची मुदत ३० दिवसांची, पण बऱ्याचदा अर्ज पोचताच फाईल हलते. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथेही तक्रार मांडता येते. बालकल्याण समितीच्या कामाबद्दलची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेच जाते. प्रायोजकत्वाबद्दलच्या तिच्या आदेशावरचं अपीलही त्यांच्याकडेच, बहुतेक बाकीच्या आदेशांवरचं मात्र बाल न्यायालयात.

दर एप्रिलला, आणि अठरा जवळ आल्यावर

दरवर्षी एप्रिलमध्ये उत्पन्नाचा नवा दाखला काढा. जूनमध्ये शाळेचा बोनाफाईड घेऊन बालसंगोपनाचं नूतनीकरण करा. हे न केल्यामुळे सुरू असलेलं अनुदान बंद पडल्याची प्रकरणं नव्या नामंजुरीपेक्षा जास्त मला दिसतात. संजय गांधी योजनेत हयातीचा दाखला वेळेवर द्या.

मूल सतरा वर्षांचं झालं की पुढची तयारी सुरू करा, कारण अठराव्या वाढदिवसाला बालसंगोपनाचे पैसे थांबतात. दोन्ही पालक नसलेल्या मुलाचं अनाथ प्रमाणपत्र त्याआधी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयामार्फत काढून घ्या. त्यावर शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. जातीचा दाखला आणि पडताळणी अकरावीतच उरकून घ्या, म्हणजे बारावीनंतर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज अडणार नाही. मुलगी असेल तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना पूर्ण माफ आहे. प्रवेशाच्या वेळी कॉलेजने आधी फी भरायला सांगितली तर शासन निर्णयाची प्रत पुढे ठेवा आणि माफीची मागणी लेखी द्या.